यकृताची सुई आणि रक्ताची राखण



यकृत हें रक्तानें ओथंबलेलें इंद्रिय आहे. त्यांतून दर मिनिटास सुमारें दीड लिटर रक्त वाहतें. रक्त गोठविणारीं बहुतेक द्रव्येंहि तेथेंच तयार होतात. त्यामुळें एक विचित्र पेंच पडतो. ज्याच्या यकृताचा तुकडा तपासणें अगत्याचें, त्याच्याच जखमेंतील रक्त लवकर थांबत नाहीं.

हा तुकडा सुईनें काढण्याची, म्हणजे बायोप्सीची, रीत कोपनहेगन येथील इव्हर्सन व रोहोल्म यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केली. त्याच नगरांत कोंबडीच्या पिलांचा रक्तस्राव अभ्यासतांना हेन्रिक डाम यांस ‘के’ जीवनसत्त्व सांपडलें होतें. १९५८ सालीं इटलीच्या मेंघिनी यांनीं सुई यकृतांत जेमतेम एक सेकंद राहील अशी युक्ति काढली. ज्यांचें रक्त गोठत नाहीं त्यांच्यासाठीं पुढें गळ्याच्या शिरेंतून सुई नेण्याची रीत आली. या वाटेनें झिरपलेलें रक्त बहुधा पोटांत न सांडतां शिरेंतच परततें.

एवढा खटाटोप कशासाठीं? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित हे इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह लहान मुलांच्या एका घातक यकृतविकाराचा शोध घेत होते. अशा मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांबें सांचलेलें दिसे. पितळी भांड्यांत तापविलेल्या दुधाकडे त्यांनीं १९८३ सालीं बोट दाखविलें. सुईनें घरांतील चुलीपर्यंत माग काढला!

इटलींतील ६८,२७६ बायोप्सींचा आढावा १९८६ सालीं निघाला. उपद्रवांपैकीं ६१ टक्के पहिल्या दोन तासांत व ९६ टक्के चोवीस तासांत उद्भवले होते. म्हणून रक्ताची राखण सुईच्या आधींच सुरू होते. रक्ताचा गट व गोठण्याचा वेळ पाहतात. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास तें डॉक्टरांस सांगितलेंच पाहिजे. नंतर रोग्यास निजवून नाडी व रक्तदाब वारंवार तपासतात. नाडी धांवूं लागली, रक्तदाब उतरला किंवा पोटांतील कळ वाढली, तर सोनोग्राफी करून रक्त देतात. तरीहि न थांबल्यास बारीक नळीवाटें वाहती रक्तवाहिनी बुजवितात, आणि शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा.

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर किंवा लोणारचा रोगी या परीक्षेसाठीं दूरच्या शहरीं गेला, तर आप्तांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. बरें वाटतें म्हणून संध्याकाळची गाडी गांठूं नये. ती एक रात्र रुग्णालयाच्या आसपासच काढावी.