भोरची पेटी आणि लाखेचं पॉलिश

भोरच्या बाजारातून जुनी सागवानी पेटी आणली, रंगवायला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी बघ, लाखेचं पॉलिश तर नाही ना?" स्पिरिटचा बोळा फिरवला, तर लाकूड चिकट झालं. लाखच!

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोरीवरच्या किड्यांचा स्राव. ती काढताना असंख्य जीव जातात. म्हणून आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापारही आहे. पायाचा अळता पूर्वी याच लाखेचा, हे मात्र आपण सोयीनं विसरतो. इंग्रजी अमलात चपड्याचं स्पिरिट पॉलिश सुतारकामात रुळलं. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही चपड्याच्याच. 1948 साली भोर संस्थान विलीन झालं, माझी पेटी त्याच्याही आधीची, असं विकणारा म्हणाला. खरं-खोटं तोच जाणे.

परत करावी का, दोन दिवस ठरेना. शेवटी ठेवली. गेलेले जीव परत येणार नाहीत, पण नवा चपडा मी विकत घेणार नाही. पॉलिशपेपरनं घासून, प्रायमर देऊन ऑइलपेंट लावला: बाहेरून वेल्ह्याच्या भातखाचरांचा पोपटी, कडांना हळदी.

सासूबाईंनी पोथ्या त्यात ठेवू दिल्या नाहीत. गोधड्या ठेवल्यात.