गाजरगवत, सूर्यफूल आणि मेक्सिकन भुंगा

भुंगा म्हटले की काव्यरसिकास कमळात अडकलेला भ्रमर आठवतो. शेतकऱ्यास आठवतो तो भुंगेरा निराळा. काकडी-भोपळ्याच्या कोवळ्या पानांची चाळण करणारा तांबडा भुंगेरा, भाताच्या पातीवर पांढऱ्या रेघा ओढणारा निळा भुंगेरा, द्राक्षाचे फुगलेले डोळे पोखरणारा उडद्या, हे सारे एकाच पर्णभक्षक कुलातले. या कुलातील 35 हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. त्यांतील पुष्कळ जाती ठराविक वनस्पतींवरच जगतात. त्यांचा हा स्वभाव माणसाला कधी घातक ठरला, तर कधी उपकारक.

घातकपणाचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. पिवळ्या पाठीवर दहा काळे पट्टे असलेल्या एका भुंगेऱ्याचे वर्णन टॉमस से यांनी 1824 साली केले. तेव्हा तो एका काटेरी रानझुडुपावर जगत असे. वसाहती पश्चिमेकडे सरकल्या आणि त्याच्या मुलखात बटाटा आला. बटाटा त्या झुडुपाचाच भाऊबंद! 1859 च्या सुमारास नेब्रास्कात त्याने बटाट्याची शेते फस्त केली. 1874 पर्यंत तो अटलांटिक किनाऱ्यास पोचला आणि 1922 मध्ये फ्रान्समधील बोर्दो परिसरात त्याने ठाण मांडले. सोमलयुक्त विषे झाली, डीडीटी झाले. कीड मात्र विषाला सरावत गेली.

आपल्याकडची कथा याच्या उलट दिशेने सुरू होते. 1955 च्या सुमारास पुण्यात गाजरगवत प्रथम लक्षात आले. ते पी.एल. 480 योजनेतील अमेरिकन गव्हाबरोबर आले, असा समज दृढ आहे. परंतु भारताशी तो करार झाला 1956 साली. ते कसेही आले असो, पडीक रानांत, रस्त्यांच्या कडेने ते देशभर फोफावले. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते, परागांनी दम्याचा त्रास वाढतो. मूळ देशात त्याला खाणारे कीटक होते. येथे कोणीच नव्हते. म्हणून मेक्सिकोतून एक पट्टेदार भुंगा आणण्यात आला. अनेक पिकांवर त्याची परीक्षा घेऊन 1984 साली बंगळूर येथे तो सोडण्यात आला. पहिली काही वर्षे त्याची संख्या तुटपुंजी होती. मग मात्र पावसाळ्यात गाजरगवताचे ताटवे निष्पर्ण दिसू लागले.

आणि नेमक्या याच वेळी कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर आढळला! गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुलातले. बटाट्याची कथा जाणणाऱ्यांच्या मनात धडकी भरणे स्वाभाविक होते. शासकीय सेवेत एक गोष्ट वारंवार अनुभवास येई: तक्रार तातडीने येते, तिचे कारण सापडायला वेळ लागतो. केंद्र सरकारने सत्यशोधन समिती नेमली आणि भुंग्याचा पुढील प्रसार थांबविला. संशोधनात दिसले ते असे की, शेजारच्या गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडत आणि त्या ओळखीच्या चवीने भुंगा ती पाने कुरतडी. सूर्यफूल हे त्याचे खरे अन्न नव्हे, असा निष्कर्ष निघाला. 1999 मध्ये बंदी उठली.

त्या बंदीला लालफितीचा कारभार म्हणून हिणवणे सोपे आहे. मला ती योग्य वाटते. एकदा सोडलेला कीटक सरकारी हुकमाने परत बोलावता येत नाही. भीती रास्त होती म्हणूनच तपास झाला, आणि तपास झाला म्हणूनच भुंग्यावरील आळ दूर झाला. आज तो अनेक राज्यांत स्थिरावला आहे. गाजरगवत त्याने नाहीसे केलेले नाही. कोरड्या दिवसांत तो जमिनीत निद्रिस्त राहतो आणि गवताचे उरलेले बी पुढच्या पावसाची वाट पाहते. पहिल्या पावसानंतर गाजरगवतावर पांढुरके, तपकिरी पट्ट्यांचे भुंगे दिसले, तर औषधाचा पंप उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ते आपलेच काम करीत असतात.