चौदा आणे आंबा

हापूस आंब्याचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुधा अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीपाशी सुरू होतात आणि तिथेच थांबतात. त्याने १५१० मध्ये गोवा घेतले, त्याच्या नावावरून फळाचे नाव पडले, एवढे सांगितले की प्रकरण संपते. अल्बुकर्क १५१५ मध्ये वारला. कलमे बांधण्याचे कष्ट त्याच्या मागून पोर्तुगीज अमलात, मुख्यतः जेझुइट धर्मोपदेशकांच्या मळ्यांत झाले, असे मानतात. म्हणजे नाव सेनानीचे आणि हात माळ्यांचे. रत्नागिरीच्या कातळावर आज जो हापूस उभा आहे, तो त्यानंतरच्या कितीतरी लहानसहान सुधारणांतून घडला. त्यांपैकी थोड्यांचीच नोंद आहे. आम्हा संशोधकांना या सुधारणा मोठ्या शोधांइतक्याच, किंबहुना थोड्या अधिकच, महत्त्वाच्या वाटतात.

मुळात कलम का बांधायचे? हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही. मोहोरातील फुलावर कोणत्या झाडाचा पराग पडला यावर बीजाचे गुण ठरतात, आणि अशा कोयीतून उगवतो तो रायवळ. हापूसची फांदी मात्र रायवळ खुंटावर जोडता येते. दोन्हींच्या सालीखालचा वाढता थर, ज्याला वनस्पतिशास्त्रात एधा म्हणतात, एकमेकांस भिडला की जोड जुळतो. मुळे रायवळाची आणि फळ हापूसचे.

पूर्वीची पद्धत भेटकलमाची. वर्षभर वाढवलेले रोप कुंडीसकट हापूसच्या झाडाखाली न्यायचे, फांदी उंच असेल तर मांडव घालून त्यावर कुंड्या ठेवायच्या, रोपाची आणि फांदीची साल तासून दोन्ही एकत्र बांधायची. मग अडीच-तीन महिने प्रत्येक कुंडीला पाणी घालत राहायचे. जोड जुळला की खालून फांदी आणि वरून रोपाचा शेंडा कापायचा. पद्धत खात्रीची होती, परंतु एका झाडाभोवती कुंड्या मावणार किती? कलमांची संख्या मांडवाच्या लांबीरुंदीने ठरे. कलम महाग पडे, आणि लहान शेतकऱ्याची बाग त्याच्या इच्छेपाशीच अडून राही.

यावर उत्तर निघाले ते कोयकलमाचे. पावसाळ्याच्या तोंडाला कोयी रुजत घालतात. दोनएक आठवड्यांत तांबूस पानांचा कोवळा कोंब वर येतो. तो कोयीपासून काही बोटे उंचीवर छाटून, उभी चीर देऊन, तीत हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात व प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधतात. झाडाला कुंडी बांधायला नको, मांडव नको. कोकणातल्या आषाढाची दमट हवा काडी सुकू देत नाही, त्यामुळे पाणी घालण्याचा खटाटोपही कमी. कोयीतला अन्नसाठा शिल्लक असतो, त्यावर जोड पोसला जातो. एका झाडावरून जितक्या योग्य काड्या मिळतील तितकी कलमे करता येतात. वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र १९५७ साली आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. कोकणाच्या हवेला मानवणारी ही रीत घोटून पक्की करण्यात व रोपवाटिकांपर्यंत पोचवण्यात या संस्थांचा वाटा मोठा आहे. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली, तेव्हा कलमांची मागणी एकदम वाढली. भेटकलमाच्या मांडवांवर ती भागणे कठीण होते.

आता झेल्याकडे वळू. जुना झेला म्हणजे बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी. तिच्या कडेत फळ अडकवून हिसडा दिला की आंबा देठापासून तुटतो आणि त्या जागेतून चीक फळावर ओघळतो. हा चीक दाहक असतो. जिथे लागेल तिथे साल काळवंडते. शिवाय देठाची उघडी जखम म्हणजे बुरशीला मोकळे दार, आणि फळ पिकता पिकता देठाकडून कुजते. विद्यापीठाने ‘नूतन’ झेला तयार केला त्यात तोंडाशी धारदार पाते बसवले. फळ देठासह कापले जाते आणि पिशवीत अलगद येते. बदल एवढाच! या सुधारणेवर कोणी नाटक लिहिणार नाही. परंतु डागी आंब्याचा दर काय असतो ते बागायतदाराच्या घरात विचारावे.

तिसरी गोष्ट साक्याची. फळ वरून निर्दोष दिसते, कापल्यावर मात्र कोयीलगतचा गर फिकट, आंबट आणि स्पंजासारखा निघतो. विक्रेत्यालाही आधी कळत नाही, म्हणून गिऱ्हाईक आणि बागायतदार यांच्यातला विश्वासच त्याने पोखरला जातो. चीमा आणि दाणी यांनी १९३४ मध्ये या दोषाची नोंद केली. त्यानंतर झाडाखालच्या तापल्या जमिनीची उष्णता, फळातील क्षारांचे प्रमाण, कोयीतील बीजाची आतल्या आत सुरू होणारी रुजण्याची प्रक्रिया अशी अनेक कारणे तपासली गेली. संपूर्ण उपाय हाती आलेला नाही. तरी दोन साध्या गोष्टींनी साका कमी होतो: झाडाखाली पेंढा किंवा पालापाचोळा पसरणे, आणि फळ पूर्ण पक्व होण्याच्या थोडे आधी उतरवणे. जाणते बागायतदार ‘चौदा आणे’ आंबा काढावा म्हणतात. सोळापैकी चौदा म्हणजे ८७.५ टक्के. विद्यापीठाची शिफारस ८५ टक्क्यांची आहे. आणे १९५७ साली चलनातून जाऊ लागले, बागेत मात्र ते अजून चालतात.

मोठी उडी मारण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याला ‘रत्ना’ ही जात निघाली, ती १९८१ साली प्रसारित झाली. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ १९९२ साली आली. रत्नात साका नाही आणि ती दरवर्षी फळते. शास्त्रीयदृष्ट्या दोन्ही यशस्वी, तरी बाजाराने हापूसची गादी त्यांना दिली नाही. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही हापूसलाच. लोकांना नवे फळ नको होते, त्यांना जुनेच फळ बिनसाक्याचे हवे होते.

प्रत्येक सुधारणा निर्धोक असते असेही नाही. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनियंत्रक पावसाळ्यात मुळांशी दिले की जिबरेलिन तयार होण्यास आळा बसतो, पालवी आवरते आणि मोहोर लवकर व दरवर्षी येतो. दापोलीच्या प्रयोगांतून याची शिफारस झाली ती झाडाच्या विस्ताराप्रमाणे मात्रा मोजून, सशक्त झाडाला आणि पुरेशा खतासह देण्याची. परंतु बाग खंडाने घेणाऱ्याचा हिशेब एका हंगामाचा असतो, झाडाचे आयुष्य अनेक दशकांचे. मात्रा वाढते, खत राहते आणि झाड थकते. आमच्या मते यात दोष रसायनाचा कमी आणि खंडाच्या कराराचा जास्त आहे. मालकांनी वापराची अट करारातच लिहून घ्यावी.

शाळेत करून पाहण्याजोगे एक काम यात आहे. एप्रिल-मे महिन्यात झाडावरून नुकतेच उतरवलेले वीसपंचवीस आंबे पाण्याच्या बादलीत सोडावेत. कोवळे तरंगतात, तयार झालेले बुडतात. बुडालेल्यांना पुन्हा थोडे मीठ घातलेल्या पाण्यात टाकून आणखी दोन गट पाडता येतील. प्रत्येक फळावर क्रमांक घालून पेंढ्याच्या अढीत पिकत ठेवावे आणि पिकल्यावर कापून कोणत्या गटात साका किती निघाला ते वहीत लिहावे. मीठ किती घातले तेही लिहायला विसरू नये. कापलेले आंबे कोणी खायचे, हे ठरवायला मुले समर्थ आहेत.