डोंगरउतार आणि नवशिका सायकलस्वार

कॅलिफोर्नियात सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडच्या मरिन परगण्यात, टॅमलपायस नावाचा ७८४ मीटर उंचीचा डोंगर आहे, आणि १९७०च्या दशकात त्याच्या आसपासच्या उतारांवर जुन्या सायकली पिटाळणाऱ्या तरुणांपासून डोंगरी सायकलिंगचा इतिहास सुरू करण्याची रूढी पडली आहे. सायकल घेऊन आडवाटा तुडवण्याचा नाद त्याहून जुना असून इंग्लंडमध्ये अशा हौशी मंडळींची ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संघटना १९५५ सालीच निघाली होती. तरीही ज्या सायकलीवर आज जगभर डोंगर चढले-उतरले जातात तिचा वंश मरिनमध्येच सापडतो, म्हणून ही रूढी निराधार म्हणता येत नाही. तिच्यात दोष आहे तो निराळाच. शर्यती जिंकणाऱ्यांच्या पराक्रमाभोवती गुंफलेल्या या कथेत, त्यांच्याइतका निर्भय नसलेला माणूस त्याच उतारावर कसा टिकू लागला, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो.

त्या कथेचा मानबिंदू म्हणजे ‘रीपॅक’ ही शर्यत. वणव्याच्या वेळी अग्निशमनाच्या गाड्या नेता याव्यात म्हणून डोंगरात कच्चे रस्ते काढलेले असतात. फेअरफॅक्स गावाजवळचा असाच एक रस्ता तीन किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरात सुमारे ४०० मीटर खाली येतो, आणि तेथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली आणि त्यांच्या मित्रांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. स्पर्धकांच्या सायकली १९३०-४०च्या दशकांतील, जाड फुग्यासारख्या टायरांच्या, बहुधा श्विन कंपनीच्या आणि चांगल्याच वजनदार होत्या. त्यांना उलटे पायडल मारून मागच्या चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे हबमध्ये, लागणारा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे, आणि त्या खटाटोपावरूनच शर्यतीला नाव मिळाले. पहिल्या दिवशी अ‍ॅलन बाँड्स जिंकले, कारण न पडता खाली पोहोचलेले ते एकटेच होते. नवशिक्याने यातून काय शिकावे असे विचारले, तर फारसे काही नाही, असेच उत्तर द्यावे लागते.

कारण असे की केवळ मागच्या चाकाला ब्रेक असलेल्या सायकलीवर वेग आवरण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे मागचे चाक घसरवणे. शिवाय ब्रेक पायातच असल्याने, पायडले कोणत्याही स्थितीत असली तरी हवे तेव्हा आणि हवे तितकेच थांबणे साधत नाही. तीव्र उतारावर वजन पुढे सरकत असल्याने थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते, आणि तेथे हाताने दाबायचा ब्रेक बसवल्यावरच वेग थोडाथोडा कमी करण्याची सोय झाली. त्यासाठी मरिनच्या मंडळींनी ड्रम ब्रेक आणि मोटरसायकलीचे मजबूत लिव्हर वापरले. मग जोडीला गिअर आले, त्यामुळे सायकल ढकलत किंवा ट्रकमध्ये घालून वर नेण्याची गरज संपली. जो ब्रीझ यांनी १९७७ साली खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. गॅरी फिशर आणि केली यांनी १९७९मध्ये टॉम रिची यांच्या फ्रेमवर उभारलेल्या सायकली विकण्यास आरंभ केला. आणि १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आल्यावर ही सायकल सर्वसामान्य दुकानात मिळू लागली. गिअरांचा विचार चढाच्या सोयीपुरता केला जातो, पण ज्याला चढ चढता येतो तो त्याच वाटेचे दगड, मुळे आणि वळणे सावकाश पाहून ठेवतो, आणि पाहिलेला उतार उतरणे निम्मे सोपे असते.

सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला शोध मात्र बैठकीचा आहे. पायडल मारताना पाय जवळजवळ सरळ व्हावा इतकी सीट उंच हवी असते. उतारावर मात्र हीच उंच सीट स्वाराला मागे सरकू देत नाही आणि डोक्यावरून पुढे फेकले जाण्याची भीती निर्माण करते. ब्रीझ यांनी जॉश एंजेल यांच्या साथीने १९८०च्या दशकात ‘हाइट-राइट’ नावाची साधी स्प्रिंग बाजारात आणली, जिचे एक टोक सीटच्या दांड्याला आणि दुसरे फ्रेमला जोडलेले असे. स्वाराने हात खाली घालून कळ सैल केली की शरीराच्या भाराने सीट दबे. उतार संपल्यावर पुन्हा कळ सोडून किंचित उठले की स्प्रिंग तिला वर ढकले, आणि तीही सरळ रेषेत. पुढे याच कल्पनेतून हँडलवरच्या खटक्याने वर-खाली होणारा सीटचा दांडा निघाला आणि २०१० नंतर तो सर्रास दिसू लागला. रीपॅकच्या विक्रमी वेळा अनेकांना तोंडपाठ असतात. या स्प्रिंगचे नाव क्वचितच निघते, हे इतिहासलेखनाचे वैगुण्यच म्हणावे लागेल.

यंत्राची वाटचाल सरळ पुढेच झाली असेही नाही. शर्यतींत चढावरच्या चपळाईला महत्त्व आल्यावर पुढच्या काट्याचा जमिनीशी असलेला कोन ७१ अंशांपर्यंत उभा होत गेला, आणि अशी सायकल उतारावर चुळबुळी होते. १९९०च्या सुमारास आलेल्या ‘रॉकशॉक्स’च्या दणके शोषणाऱ्या काट्याने ही उणीव काही अंशी झाकली. आता आडवाटांसाठीच्या अनेक सायकलींचा कोन ६५ अंशांच्या आसपास आला असून पुढचे चाक स्वारापासून दूर गेल्याने उताराचा धाक ओसरतो.

यंत्रापलीकडचा प्रश्न शिकवण्याचा होता. जॅकी फेलन या १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेच्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या, पण त्यांचे टिकाऊ काम १९८७ साली स्थापन केलेली ‘वॉम्बॅट्स’ ही महिलांची सायकल-आणि-चहा मंडळी हे होय. नावातला चहा केवळ विनोदासाठी नव्हता. पुरुषांच्या टोळक्यात मागे पडण्याची लाज आणि पुढे जाण्याची सक्ती या दोहोंतून सुटका झाल्याखेरीज नवखी स्त्री काही शिकणार नाही, ही जाण त्यामागे होती. आज सर्वत्र शिकवले जाणारे प्राथमिक धडे, म्हणजे उतारावर दोन्ही पायडले समपातळीत ठेवून उभे राहणे, टाचा खाली दाबणे, वळणाआधीच वेग कमी करणे आणि दगडाकडे न पाहता दगडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहणे, हे सारे मंद गतीने घटवल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत, आणि शर्यतीत मंद गतीला जागा नसते.

तिसरा भाग वाटेचा. नैसर्गिक पायवाट, म्हणजे सायकलीसाठी न आखलेली, पायांनी किंवा जनावरांनी पाडलेली वाट, पुष्कळदा पाण्याप्रमाणेच सरळ उताराने खाली धावते. पावसाचे पाणी तिच्यातूनच वाहते, माती नेते आणि मधोमध सुट्या गोट्यांची घळ सोडते, जेथे नवशिक्याचे चाक हमखास अडकते. कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी १९८८ साली स्थापलेल्या ‘इम्बा’ या संघटनेने पुढे जी बांधणी रुजवली, तिच्यात वाटेचा चढ डोंगरबाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि ठरावीक अंतराने उतरती वाट थोडी वर उचलली जावी, असे नियम आहेत. हेतू पाणी बाजूला काढण्याचा होता; पण तोच उंचवटा सायकलीचा वेगही आपोआप मोडतो, त्यामुळे मातीची धूप थांबवणारी वाट नवख्यालाही सांभाळून नेते. स्कीइंगच्या उतारांवरून घेतलेल्या श्रेणींची भर मग पडली: हिरव्या वर्तुळाच्या वाटेवर टाळता न येणारा अडथळा दोन इंचांपर्यंतच चालतो, निळ्या चौकोनाच्या वाटेवर आठ इंचांपर्यंत. स्वतःचा कस कोणत्या पायरीवर लावायचा हे पाटी पाहून ठरवता येणे, ही रीपॅकच्या पिढीला न मिळालेली सोय आहे. अर्थात पहिल्या पावसानंतर पाटी तीच राहते आणि वाट बदलते, म्हणून पाटीवर कितपत विसंबावे याविषयी जाणकारांत एकमत नाही.

या सगळ्याचा फायदा खुद्द मरिनला सर्वांत कमी झाला. पादचारी आणि घोडेस्वारांच्या तक्रारींमुळे १९८०च्या दशकात टॅमलपायसवरच्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, तर आंधळ्या वळणांवर ताशी ५ मैलांची मर्यादा आली. त्यामुळे या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या नवशिक्याला अरुंद वाटेचा सराव करायचा तर बरेचदा फेअरफॅक्सजवळच्या, स्काउट संघटनेच्या मालकीच्या टॅमरँचो या जागेवर, परवाना काढून जावे लागते.