फोन आपला, त्यातली माहिती वस्तीची : मोबाईल-लॅपटॉप वापरण्याच्या आणि जपण्याच्या रोजच्या गोष्टी

साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा प्रवेश झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्यांची सही आहे आणि शाळेने ते रजिस्टर आजवर जपले आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो, तो या एका नोंदीच्या आधारावर.

याच्या उलटही घडले आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील त्यांची कागदपत्रे १९६७ साली घराबाहेर अंगणात टाकली गेली आणि पावसात भिजून त्यातील बरीचशी नष्ट झाली. जी वाचली त्यांच्या आधारे १९७९ पासून महाराष्ट्र शासनाचे 'लेखन आणि भाषणे' खंड निघू लागले. जी गेली ती कायमची गेली.

आज आपल्या चळवळीची कागदपत्रे कपाटात नसतात, खिशात असतात. एका कार्यकर्त्याच्या फोनमध्ये काय काय असते ते आठवून पाहा. वस्तीतल्या मुलांचे जातीचे दाखले, कुणाची आधारची प्रत, ॲट्रॉसिटीच्या केसमधले फोटो, एखाद्या ताईने विश्वासाने पाठवलेला व्हॉइस मेसेज, विहाराच्या वर्गणीचा हिशोब. म्हणून फोन सांभाळणे ही हौस नाही, ती दुसऱ्यांच्या विश्वासाची जबाबदारी आहे. खाली दिलेल्या गोष्टी सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. बहुतेक गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

१. पाणी आणि पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घरातली कागदपत्रे भिजली, वीज गेली, फोन बंद पडले आणि मदत मागायलाही मार्ग उरला नाही. म्हणून पावसाळ्याआधी एवढे करा :

– रेशनकार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका, घराचा उतारा यांचे स्वच्छ फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. जे दाखले डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथे घ्या. डिजिलॉकरमध्ये थेट सरकारी खात्याकडून आलेला दाखला कायद्याने मूळ दाखल्याइतकाच ग्राह्य असतो. आपण स्वतः काढून टाकलेल्या फोटोला तो दर्जा नसतो.
– कृष्णा, कोयना, वारणा यांच्या काठच्या गावांत पाणी वाढू लागले की पॉवर बँक पूर्ण चार्ज करून ठेवा. महत्त्वाचे पाच-सहा नंबर कागदावर लिहून पिशवीत ठेवा.
– फोन भिजला तर लगेच बंद करा. सिम आणि कार्ड काढा, कोरड्या कपड्याने पुसा, हवेशीर जागी उभा ठेवा. चार्जिंगला लावू नका, हेअर ड्रायर मारू नका. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आणि पीठ आत जाते. पुराचे पाणी गढूळ असते, त्यामुळे फोन वाळल्यावर चालू झाला तरी दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घ्या.
– लॅपटॉपवर चहा-पाणी सांडले तर आधी चार्जर भिंतीतून काढा, बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा आणि तंबूसारखा उलटा उभा ठेवा. 'चालू होतोय का बघू' या घाईतच जास्त लॅपटॉप जळतात.

२. ऊन, धूळ आणि वीज

माण, खटाव, आटपाडी, जतच्या उन्हात फोन दुचाकीच्या टाकीवरच्या पाऊचमध्ये किंवा गाडीच्या काचेखाली तापतो. लिथियमच्या बॅटरीला सगळ्यात जास्त त्रास उष्णतेचा होतो. चार्जिंग साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवले तर बॅटरी जास्त वर्षे टिकते. उशीखाली फोन ठेवून चार्ज करू नका. बॅटरी फुगलेली दिसली, मागचे झाकण उचललेले दिसले, तर वापर तिथेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, दुकानात बदलून घ्या.

लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला की हवा जाण्याच्या जाळ्या बंद होतात. खाली पाट किंवा जाड पुठ्ठा ठेवा. गावात वीज कमी-जास्त होते, म्हणून चांगल्या प्रतीचा स्पाइक गार्ड वापरा आणि विजा चमकत असताना चार्जर काढून ठेवा.

३. कुलूप : पिन आणि पासवर्ड

आपल्यापैकी किती जणांचा पासवर्ड 'जयभीम१२३' आहे? किती जणांचा पिन १४०४, १८९१ किंवा १९५६ आहे? भावना चांगली आहे, पण आपल्याला ओळखणारा कुणीही पहिल्या चार प्रयत्नांत हेच टाकून पाहील. गाडीचा नंबर आणि जन्मतारीखही नको.

पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, मध्ये एखादा आकडा घाला. ते लक्षात राहतात आणि ओळखायला अवघड जातात. ईमेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नका, कारण ईमेल हातात आला की बाकीची सगळी खाती त्यावरून उघडता येतात. फोनला किमान सहा आकडी पिन ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा, नाहीतर बंद फोनवरही ओटीपी वाचता येतो.

४. आपले खाते, आपली पोस्ट

सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरावरून हिंसाचार उसळला. एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करावे लागले. महापुरुषांच्या नावावर भडका उडवणे किती सोपे झाले आहे हे आपण एप्रिल आणि डिसेंबरमध्ये दरवर्षी पाहतो. अशा वेळी दोन धोके असतात : आपले खाते दुसऱ्याने वापरणे आणि दुसऱ्याचा मजकूर आपण तपासल्याशिवाय पुढे ढकलणे.

– व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट' उघडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. सहा आकडी पिन ठेवा. सिम दुसऱ्याच्या हाती गेले तरी या पिनशिवाय खाते लगेच सुरू होणार नाही.
– 'लिंक्ड डिव्हायसेस' आठवड्यातून एकदा पाहा. अनोळखी संगणक दिसला की लगेच लॉग आउट करा.
– इन्स्टाग्राम, फेसबुक आणि जीमेललाही दुहेरी पडताळणी लावा.
– फोन दुसऱ्याच्या हातात 'एक फोन करतो' म्हणून दिला तर नजर ठेवा. खाते दुसऱ्या फोनवर जोडायला एक मिनिट पुरते.
– आपल्या नावाने बनावट खाते दिसले तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग ते रिपोर्ट करा. पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.
– विटंबनेचा फोटो आला की संताप येणारच. तरी तो फोटो पुढे पाठवू नका. तो पसरावा हीच पाठवणाऱ्याची इच्छा असते. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना कळवा, ठिकाण आणि तारीख तपासा, तक्रार करा.

५. लिंक, फाइल आणि गोड बोलणारे फोन

शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेच्या पैशांची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला 'तुमची रक्कम मंजूर झाली, ओटीपी सांगा' असा फोन आला की तो फसतो, कारण त्याला खरेच पैशांची गरज असते. नियम साधा ठेवा : पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा क्यूआर कोड स्कॅन करणे लागत नाही. यूपीआय पिन फक्त पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना लागतो.

लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, शेतकरी योजना अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती कधीही उघडू नका. ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी नको, कदाचित त्या माणसाचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असेल.

कार्यकर्त्यांनी भीमा कोरेगाव प्रकरणातली एक गोष्ट माहीत करून घ्यावी. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतील संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालात म्हटले की, आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये २०१६ साली एका ईमेलमधली फाइल उघडल्यावर घातक प्रोग्राम शिरला आणि त्यामार्गे बाहेरून कागदपत्रे टाकली गेली. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष नाकारले आहेत. निकाल न्यायालय देईल. आपल्यासाठी धडा असा की ओळखीच्या माणसाच्या ईमेलवरून आलेली फाइलसुद्धा आधी फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये.

यासाठी अपडेट वेळेवर करा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नियमित मोफत सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. जुना लॅपटॉप पुढची आवृत्ती घेत नसेल तर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून घ्या, लिब्रे ऑफिसवर अर्ज-निवेदने व्यवस्थित होतात. चोरीचे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून टाकणे म्हणजे दार उघडे ठेवून झोपणे.

६. सेवा केंद्र आणि कॅफे

फॉर्म भरायला सेवा केंद्रात गेलात तर शक्यतो आपला पासवर्ड आपण स्वतः टाका. 'सेव्ह करू का?' असे विचारल्यास नाही म्हणा. काम झाल्यावर लॉग आउट करा, डाउनलोड फोल्डरमधून आपली फाइल काढा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडले असेल तर ते तिथेच बंद करा. पूर्ण आधार सक्तीचा नसेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारा मास्क्ड आधार द्या.

७. पुरावा म्हणून ठेवायच्या गोष्टी

अत्याचाराच्या घटनेत पहिला पोचणारा बहुधा आपलाच कार्यकर्ता असतो आणि पहिला व्हिडिओही त्याच्याच फोनमध्ये असतो. तो व्हिडिओ कसा जपला यावर पुढे बरेच अवलंबून असते.

– मूळ फाइल तशीच ठेवा. कापू नका, गाणे लावू नका, मजकूर घालू नका. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
– तारीख, वेळ, ठिकाण, कुणी काढला हे त्याच दिवशी वहीत लिहा.
– १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, वकिलांना लवकर भेटा.
– ज्या ग्रुपवर पुराव्याची देवाणघेवाण होते तिथे आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा.
– लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव, चेहरा, घर ओळखू येईल असे काहीही टाकू नका. निषेधाच्या बॅनरवरही नाही. तो गुन्हा आहे.
– पोलिसांनी फोन जप्त केला तर पंचनामा आणि जप्त वस्तूंची यादी मागा. त्यात आयएमईआय क्रमांक नोंदवून घ्या. झडती-जप्तीचे चित्रीकरण करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये आहे.

८. तीन प्रती

एकच प्रत म्हणजे प्रतच नाही असे समजा. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा : एक फोन किंवा लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक दूर, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या विश्वासू सहकाऱ्याकडे. सांगलीत राहणाऱ्याने तिसरी प्रत सांगलीतच ठेवली तर पुरात तिन्ही जातील. ती विट्याला किंवा साताऱ्याला असू द्या.

जुनी पत्रके वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात आणि दुसऱ्या संगणकावर अक्षरे फुटतात. यापुढे सगळे युनिकोडमध्ये टाइप करा. ज्येष्ठांच्या आठवणी, जुन्या मोर्चांचे फोटो, गावातल्या धम्मदीक्षेच्या नोंदी स्कॅन करताना फाइलला गाव आणि साल असलेले नाव द्या. नुसत्या आकड्यांच्या नावाची फाइल दहा वर्षांनी कुणालाच सापडत नाही.

९. विहारातला सामायिक लॅपटॉप

प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे वेगळे खाते करा. अभ्यासाला येणाऱ्या मुलांसाठी मर्यादित अधिकाराचे एक खाते ठेवा. हिशोबाच्या फाइलला स्वतंत्र पासवर्ड असू द्या आणि तो अध्यक्ष व सचिव दोघांकडे असावा. एकाच माणसाकडे असलेला पासवर्ड भांडणात किंवा आजारपणात सगळी संस्था अडवतो.

१०. फोन हरवला, फसवणूक झाली

– फोनवर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक आजच लिहून ठेवा.
– फोन गेला तर दुसऱ्या फोनवरून गुगलच्या 'फाइंड' सेवेतून तो लॉक करा, सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा.
– पैसे गेले तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासात पैसे मधेच गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.
– जुना फोन विकताना आधी गुगल खाते काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. मेमरी कार्ड विकू नका.

या महिन्यात एका रविवारी, विहारातील वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. तरुणांनी ज्येष्ठांचे फोन हातात घ्यावेत, त्यांच्यासमोरच टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून द्यावे, आयएमईआय वहीत लिहून द्यावा आणि कुणाच्या दाखल्यांच्या प्रती कुठे आहेत ते विचारावे. साताऱ्याच्या शाळेतली ती सही कुणीतरी जपली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. आपल्या वस्तीच्या नोंदी पुढच्या पिढीपर्यंत पोचवणे आता आपल्याच हातात आहे.

जयभीम!