वऱ्हाडात बसून कुठे खायचं?

भारताच्या संविधानात हॉटेल हा शब्द आहे. कलम १५, उपकलम २. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत शिरताना जात, धर्म, लिंग असल्या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही, असं ते सांगतं. विहिरी, तलाव, घाट, रस्ते हे त्याच्यानंतर येतात. हे वाचल्यापासून अमरावती-अकोल्यात कुठे खायचं, या प्रश्नाचं उत्तर मला नुसत्या पत्त्यांनी देता येत नाही.

मोबाइलमधलं नकाशाचं ॲप हॉटेलं रुपयाच्या चिन्हांवर लावतं. एक चिन्ह म्हणजे स्वस्त, चार म्हणजे खिसा सांभाळा. वऱ्हाडातला जुना क्रम वेगळा होता. कोण आत बसणार, कोण बाहेर उकिडवा बसणार, कोणाला कप मिळणार आणि कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाणार, यावर तो ठरायचा. पैसे त्यानंतर.

त्याच्याही आधी मुळात बाहेर खाणंच नव्हतं. प्रवासाला निघालेला माणूस भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून निघायचा, किंवा धर्मशाळेत शिधा घेऊन तीन दगडांची चूल मांडायचा. आज आपण शेतात हौसेनं रोडग्यांची पार्टी करतो, तो पदार्थ मला कायम वाटेवरचाच वाटत आला आहे. कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा निखारा, वांग्याची भाजी. तवा लागत नाही, ताट नसलं तरी पळसाचं पान चालतं.

मग कापूस आला. म्हणजे कापूस होताच, त्याला भाव आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे मुंबईच्या व्यापाऱ्यांचं लक्ष गेलं. त्याच सुमारास जीआयपी रेल्वेचे रूळ शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत पुढे सरकले आणि १८६७ साली नागपूरला पोहोचले. अमरावती शहर मुख्य मार्गावर नव्हतंच. त्याला नंतर बडनेऱ्याहून फाटा काढून जोडलं. कापसाच्या बंड्या बाजारात रात्र-रात्र उभ्या राहू लागल्या. दलाल, जिनिंगचे मजूर, मारवाडी आणि गुजराती व्यापारी, त्यांचे मुनीम... घरापासून लांब, खिशात रोकड आणि पोटात भूक असलेली एवढी माणसं या भागानं पहिल्यांदाच एका जागी बघितली असावीत. खानावळ आणि मिठाईचं दुकान यातूनच उभं राहतं.

शिडीच्या वरच्या पायरीवर होती मोठ्या स्टेशनांवरची रिफ्रेशमेंट रूम. टेबलावर पांढरं कापड, काटा-चमचा, साहेबाचं जेवण. खाली त्याच फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं. रेल्वेनं सगळ्यांना एका डब्यात बसवलं खरं, पण तहान लागली की पुन्हा ज्याची त्याची जात आणि धर्म आठवायचा. ज्यांचा या दोन्ही पाण्यांवर हक्क मानला जात नव्हता, त्यांचं काय, याचं उत्तर फलाटावर लिहिलेलं नसायचं.

वऱ्हाडातल्या बाहेर खाण्याचा इतिहास लिहायचा तर माझ्या मते त्याचा नायक हॉटेलवाला नाही, गाडगेबाबा आहेत. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांच्याजवळ एक फुटकं गाडगं असे. उन्हात ते डोक्यावर पालथं, भूक लागली की तेच ताट. कोणी अंगणात बसवलं तर अंगणात, नाही तर रस्त्यावर. आपली भांडी कोणाच्या भांड्यांना लागतील ही भीती ज्या समाजाला रात्रंदिवस होती, त्या समाजात हा माणूस स्वतःचं ताट डोक्यावर घेऊन फिरत होता! पुढे त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभारली, कारण तिथल्या इतर धर्मशाळा सगळ्या वारकऱ्यांना आत घेत नव्हत्या. त्यांच्या प्रसिद्ध दशसूत्रीतलं पहिलंच सूत्र भुकेल्याला अन्न देण्याचं आहे. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ ते गेले.

त्यांच्याच हयातीत अमरावती शहरात अंबादेवीच्या दारावरून वाद पेटला होता. मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९२७ साली चळवळ झाली; नोव्हेंबरातल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि स्थानिक पुढाऱ्यांत पंजाबराव देशमुख. त्याच दशकात पंजाबरावांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. सत्याग्रहाची छायाचित्रं निघतात, मेसची निघत नाहीत. पण रोज दोन वेळा एका पंगतीला बसणं हे काम मोर्च्याहून सोपं नसणार. गावोगावच्या चहाच्या हॉटेलात वेगळा कप, तो ज्याचा त्यानंच विसळून खिळ्याला टांगायचा, ही पद्धत संविधान लागू झाल्यावरही कित्येक वर्षं चालली. दलित आत्मकथनांत तो कप पुन्हा पुन्हा भेटतो.

संविधान लागू झालं १९५० साली. साधारण त्याच वेळी शेगावच्या स्टेशनावर पंजाबातून आलेले तीर्थराम करमचंद शर्मा कचोरी विकू लागले. (शेगाव जिल्ह्यानं बुलढाण्याचं, पण अकोलेकरांना विचाराल तर आपलंच.) मी पेशानं इंजिनिअर, म्हणून मला ही कचोरी अडचणीतून निघालेली रचना वाटते. गाडी थांबणार काही मिनिटं. गिऱ्हाईक खिडकीत, एका हातानं गज धरलेला. चटणी सांडेल, म्हणून चटणी नाही. डाळीच्या सारणातच तिखट आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. कागदात गुंडाळली की संपलं. ताट नाही, कप नाही, बाक नाही, त्यामुळे विटाळायलाही काही नाही. विकणारा परमुलखातला, खाणारा पुढच्या स्टेशनावर गायब. कोणाला समतेचा धडा द्यावा म्हणून ती तशी केली नव्हती. पण सगळ्या जातींच्या माणसांनी एकाच कढईतलं खाल्लं, ते आधी अशाच जागी.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबंही आली. अमरावतीत कंवर नगर, अकोल्यात सिंधी कॅम्प. दाल-पकवान आपल्याकडे त्यांचं. कचोरी-मिठाईचा मारवाडी वारसा आधीपासून होताच. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचं सावजी जेवण पुढे या दोन्ही शहरांत पोहोचलं. मात्र ती जागा बराच काळ पुरुषांचीच राहिली. बायकांसाठी हॉटेलात 'फॅमिली रूम' असे, म्हणजे पडदा ओढलेली लाकडी खोपटी. पडद्याआड डोसा. माझ्या आईच्या पिढीनं हॉटेल बघितलं ते असं. आता संध्याकाळी अमरावतीत दही-चटणीत भिजलेल्या गिला वड्याच्या किंवा आलू पोंग्याच्या गाडीसमोर मुलींच्या स्कूटी ओळीनं लागतात, तेव्हा मला त्या पडद्याची आठवण येते. ज्यांना खाण्याबरोबर हेही बघायचंय, त्यांनी गाड्यांपासूनच सुरुवात करावी. मग रघुवीरसारखं मिठाई-फरसाणाचं मोठं दुकान, मग एसी हॉटेल.

वरच्या पायरीवर गेलात, म्हणजे अमरावतीत ग्रँड मेहफिल किंवा तशा कुठल्याही हॉटेलात, तर तिथलं जेवण चांगलंच असतं, पण मेनूकार्डाकडे जरा इतिहासाच्या नजरेनं बघा. पनीर, नान, मंचुरियन. शंभर वर्षांपूर्वी रिफ्रेशमेंट रूममध्ये साहेबाचं, आता दिल्लीचं. पाहुणा आला की वऱ्हाड आपली ज्वारी लपवतं आणि गव्हाची पोळी वाढतं; हॉटेलांनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. पिठलं-भाकरी उरली ती देवाच्या दारी आणि सरकारच्या योजनेत. शेगावच्या गजानन महाराजांना ती आवडे म्हणून तिचा नैवेद्य. १९९५ साली आलेल्या युती सरकारनं झुणका-भाकर एक रुपयात दिली. २०२०च्या शिवभोजन थाळीपर्यंत आलो तोवर भाकरीची चपाती झाली होती, दहा रुपयांत.

तोवर शेतातही ज्वारी राहिली नव्हती. गेल्या तीसेक वर्षांत तिच्या जागी सोयाबीन आलं. कडबा नाही, मग घरी जनावर नाही, मग गोवरी नाही. रोडग्यांसाठीही गोवऱ्या विकत आणाव्या लागतात. आणि दुर्मीळ झाली तशी ज्वारी महाग झाली. आता हायवेला लागून गार्डन रेस्टॉरंटं आहेत, बाजा टाकलेल्या, कंदील टांगलेले, 'चुलीवरची भाकरी' असा बोर्ड. तिथे भाकरी नगावर मिळते आणि ठेच्याचे वेगळे पैसे लागतात. गेल्या दिवाळीत अशाच एका ठिकाणी चुलीपुढे बसलेल्या मावशींना मी विचारलं, घरी काय करता?

"पोया," त्या म्हणाल्या. "कंट्रोलचा गहू भेटते ना बाप्पा. ज्वारी कुठी परवडते आमाले?"

भाकरी टम्म फुगली होती. त्यांनी ती चिमट्यानं उचलली, पोराच्या हातातल्या ताटात टाकली आणि पुढचा गोळा थापायला घेतला.