सातबाऱ्याचे रकाने

आपल्या जळगाव-धुळ्याकडे जमिनीचं कुठलंही काम निघालं, की पहिला प्रश्न ठरलेला. "उतारा आणला का?" उतारा म्हणजे अर्थातच सातबारा. आखलेल्या रकान्यांचा एक कागद. त्यात तुमचं नाव असेल तर तुम्ही आहात. नसेल, तर त्या शेतात आयुष्यभर निंदणी केलेली असली तरी कागदाला तुम्ही माहीत नाही.

माझं पोटही रकान्यांवरच चालतं, फक्त ते वेबसाइटवरचे. नाव, तालुका, मोबाइल, पीक.. तुम्ही ऑनलाइन अर्ज भरता तेव्हा दिसणाऱ्या त्या चौकटी. हल्ली या चौकटी प्रत्येक पानासाठी नव्याने लिहीत नाहीत. एकदाच नीट घडवायच्या आणि हव्या तिथे बसवायच्या. अशा घडवलेल्या चौकटीला आमच्या धंद्यात कंपोनंट म्हणतात. नव्या पोरांना वाटतं ही कल्पना रिअ‍ॅक्टवाल्यांनी काढली. मला मात्र खानदेशच्या महसुलाचा इतिहास वाचताना वाटत राहतं, की यातलं बरंचसं तलाठ्याच्या दप्तरात आधीच होतं.

तर थोडा इतिहास.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणं मांडलं. गावोगावचे हिशेब तेव्हा कुलकर्ण्याच्या दप्तरात, मोडीत. मुंबई सरकारला सगळीकडे एकसारखी नोंद हवी होती. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी १८४७ मध्ये मोजणीचे नियम एकत्र करून अहवाल दिला. प्रत्येक शेताला नंबर, त्याचं क्षेत्र, त्याचा आकार आणि सारा भरणाऱ्याचं नाव. पुण्याकडचं शेत असो की रावेरचं, रकाने तेच.

खानदेशने हे मुकाट्याने घेतलं नाही. १८५२ साली सावदा, रावेर, चोपडा भागात लोक मोजणीच्या विरोधात उठले. मोजणी म्हणजे सारा वाढणार ही भीती होती. फैजपूर आणि एरंडोलला फौज आणावी लागली, धरपकड झाली. मोजणी काही थांबली नाही. माझ्या मते त्या लोकांना एक गोष्ट नेमकी कळली होती. रकाना आखणारा आधी स्वतःची गरज बघतो. सरकारला सारा हवा होता, म्हणून सारा भरणाऱ्याचं नाव आलं. शेतात हक्क कोणाकोणाचा, हे विचारायला रकानाच नव्हता.

तो यायला १९०३ साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी, म्हणजे रेकॉर्ड ऑफ राइट्स सुरू झालं. पुढे अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये गावाचे सगळे नमुने एक ते एकवीस असे क्रमाने बसले. सात नंबर हक्काचा, बारा नंबर पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सात-बारा. स्वातंत्र्यानंतर १९६६ चा जमीन महसूल कायदा आणि १९७१ चे नियम झाले, तरी नंबर तेच राहिले. एकदा घडवलेला नमुना हजारो गावांत, शंभर वर्षं वापरात! याहून मोठा 'पुन्हा वापरता येणारा' फॉर्म मला तरी माहीत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग.

सात नंबरवर तलाठी भाऊसाहेब थेट खाडाखोड करू शकत नाहीत. वडील वारले, शेत विकलं, वाटणी झाली, काहीही बदललं तर आधी नोंद सहा नंबरला धरायची. तो फेरफार. मग चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण सहा-अ मध्ये जातं. शेवटी सर्कल नोंद मंजूर करतात आणि मगच सात नंबर बदलतो.

वेबवर आम्ही याच ठिकाणी यायला वीस वर्षं घेतली. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये चौकट, यादी, बटण हे सगळं होतं. त्याच वर्षी ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट लिहिली. पण चौकटीत काय टाइप केलंय ते त्या चौकटीलाच ठाऊक. प्रोग्रॅमने दर वेळी जाऊन तिला विचारायचं. चाळीस चौकटींच्या अर्जात कुठली माहिती खरी, चौकटीतली की प्रोग्रॅमजवळची, याचा घोळ रोजचा. म्हणजे प्रत्येक वाटेकऱ्याने आपापला सातबारा घरीच लिहून ठेवावा, तसं.

२०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुलं केलं आणि त्यात फेरफाराचीच पद्धत आली. तिथल्या 'कंट्रोल्ड' चौकटीला स्वतःची वही नसते. तुम्ही अक्षर दाबलं की ती वर फक्त कळवते, "असा बदल मागितलाय." वरचा प्रोग्रॅम तपासतो, पटलं तर नोंद बदलतो आणि नवी किंमत चौकटीकडे खाली येते. वरच्याने नोंद बदललीच नाही, तर दाबलेलं अक्षर पडद्यावर टिकतच नाही. पुढच्या वर्षी आलेल्या व्ह्यूमध्ये लिहायची तऱ्हा वेगळी आणि सुटसुटीत, पण किंमत वरून खाली आणि बदल खालून वर हा व्यवहार तोच. म्हणूनच चौकट कुठेही नेऊन बसवता येते. तिच्याजवळ कोणाचंच दप्तर अडकलेलं नसतं. लेबल, चौकट आणि चुकीचा निरोप हे तिघं मात्र कायम एकत्र ठेवायचे. वेगळे झाले की कुठली चूक कुठल्या रकान्याची, हे अर्ज भरणाऱ्याला कळत नाही.

इथपर्यंत हुशारीची गोष्ट झाली. पण नमुना पुन्हा पुन्हा वापरला जातो तेव्हा त्यातली उणीवही तितक्याच वेळा वापरली जाते.

सात नंबरवर बाईचं नाव टाकायला कायद्याने कधी मनाई नव्हती. पण रिवाज असा, की कब्जेदाराच्या रकान्यात मुलगे आणि विधवा आई किंवा बहिणी 'इतर हक्क' मध्ये. रकाना शेजारचाच, पण कर्ज काढायला, शेत विकायला विचारतात ते पहिल्या रकान्यातल्या नावांना. हे बदलायला शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांतच. नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावावर करायचा. यात आपलं जळगाव जिल्ह्यातलं विटनेर पुढे होतं. त्या एका गावात शंभराहून जास्त घरांनी हे केलं. सरकारने १९९२ मध्ये याच नावाची योजना आणली. विचार करा, कष्ट तेच, घरही तेच. नाव एका रकान्यातून दुसऱ्यात जायला मात्र चळवळ लागली.

नावाच्याच चौकटीचं आणखी एक. कित्येक वर्षं आपण लिहीत आलो, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. तीन चौकटी. २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ज्यांनी नावाचा कंपोनंट एकच घडवला होता त्यांना एका जागी बदल करायचा. ज्यांनी पन्नास पानांवर तीन-तीन चौकटी उतरवल्या होत्या त्यांना पन्नास ठिकाणी. आणि त्यातलं एखादं पान राहून जातं, तिथे कोणाची तरी आई राहून जाते.

जिल्ह्याच्या यादीचंही तसंच. १९०६ पर्यंत एकच खानदेश. मग पूर्व आणि पश्चिम. १९६० मध्ये त्यांचे जळगाव आणि धुळे झाले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. तळोद्याला १९९५ साली जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यावर जिल्हा धुळे, आणि आजच्या यादीत तळोदा शोधायचं नंदुरबारमध्ये. "दाखला जुळत नाही" म्हणून परत पाठवणाऱ्या अर्जाला काय म्हणायचं? जिल्ह्याच्या यादीला साल कळायला हवं, एवढंच. ते एकदा शिकवलं की सगळ्या अर्जांना कळतं.

बारा नंबर आखणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट बघून ठेवली होती. त्यात मिश्र पिकाचे रकाने होते, आत घटक पिकं, त्यात पुन्हा जलसिंचित-अजलसिंचित. कपाशीत तुरीचं तास घालणाऱ्याचं शेत कागदावर मावत होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पीक नोंदवायचं काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं. शेतात उभं राहून फोटो काढायचा, यादीतून पीक निवडायचं. पूर्वी तलाठ्याला तोंडी सांगता यायचं, "भाऊसाहेब, यात तूर बी आहे." यादीला तसं सांगता येत नाही. जे यादीत आहे तेवढंच ती ऐकते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रकाना घडवताना तो किती ठिकाणी बसेल याचा हिशेब आम्ही आनंदाने करतो. त्याच वेळी तो भरायला कोण येणार आहे, हेही विचारावं. हेक्टर-आर मागणाऱ्या चौकटीसमोर एकरात बोलणारा माणूस बसणार आहे, तर एकरही लिहू द्या, हिशेब मशीन करेल. आडनाव नसलेला येईल, नवऱ्याचं नाव न लावणारी येईल. त्यांच्यासाठी कंपोनंटमध्ये चार ओळी जास्त लागतात. त्या लिहायला अर्धा दिवस जातो. विटनेरच्या बायकांना तो रकाना मिळायला किती दिवस गेले, ते बघता अर्धा दिवस फार नाही.